उसाचा केवडा आणि वर्नरच्या दोन संयुजा

मुळा-प्रवरेच्या पाटपाण्याखालील राहुरी तालुक्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ऊस, विशेषतः खोडवा, केवडा पडून पिवळा होतो. कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मधला भाग पुढे पांढराफटक होतो, आणि शेतकरी कृषी सेवा केंद्रातून ‘चिलेटेड’ लोहाची पुडी घेऊन येतो. त्या पुडीतील लोहाचे वर्तन ज्या सिद्धान्ताने उलगडते, तो याच तालुक्यातील मुलांना बारावीत दोन व्याख्यांपुरता पाठ करावयास लावला जातो, ही माझी तक्रार आहे.

धातूच्या अणूस दोन प्रकारच्या संयुजा असतात, असे आल्फ्रेड वर्नर याने १८९३ साली प्रतिपादिले. प्राथमिक संयुजा ऋण आयनांनीच भागते आणि तिला दिशा नसते. दुय्यम संयुजांची संख्या ठरलेली, त्यांच्या दिशा निश्चित, आणि अमोनियासारखे उदासीन रेणूही त्या भागवितात. कोबाल्ट क्लोराइडाशी अमोनियाचे सहा रेणू जोडलेले असता सिल्व्हर नायट्रेटने तिन्ही क्लोरीन साका होऊन खाली बसतात, पाच असता दोन, चार असता एकच; कारण उरलेले क्लोरीन दोन्ही संयुजा एकदम भागवीत धातूला जखडून राहतात. या विचाराला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिराकस नुसता मातीत टाकला, तर त्यातील लोहाची प्राथमिक संयुजा भागलेली असते, परंतु दुय्यम संयुजा केवळ पाण्याच्या रेणूंनी सैल धरलेल्या असतात. म्हणून सामू आठच्या वर गेलेल्या जमिनीत ते लोह हवेने गंजून अविद्राव्य होते व मुळांच्या उपयोगी पडत नाही. हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून देण्याच्या शिफारशीचे मर्म हेच, की कुजलेल्या खतातील सेंद्रिय आम्ले त्या दुय्यम जागा धरतात. एका प्रकारच्या चिलेटेड पुडीतील ई.डी.टी.ए. हा रेणू तर दोन नायट्रोजन व चार ऑक्सिजन अशा सहा ठिकाणांनी लोह पकडतो. तथापि चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्या लोहाला हुसकावून त्याची जागा घेते, सबब ई.डी.टी.ए. फवारणीस बरा. जमिनीतून द्यावयाचे असेल, तर ई.डी.डी.एच.ए.ची पकड टिकते. दोन्ही पुड्यांवर ‘चिलेटेड’ असेच छापलेले असते, आणि नावातील हा भेद न सांगता माल विकला जाणे मला अन्यायाचे वाटते.

ज्या तालुक्यात १९६८ पासून कृषी विद्यापीठ नांदते आहे, तेथे हा धडा फळ्यावरच संपावा हे योग्य नव्हे. दोन चंचुपात्रांत खाण्याच्या सोड्याचे पाणी घ्यावे. एकात हिराकस टाकताच गढूळ साका दिसू लागतो आणि हवेने तांबूस होतो, दुसऱ्यात चिलेटेड लोह टाकले तरी पाणी नितळच राहते. रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा, आणि शेतकऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी पुडीवरील चिलेटचे नाव दुकानदाराकडून वाचून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.