मोटारीचे पुनरुज्जीवन आणि आगाऊ रकमेचे भांडवल

अमेरिकेतील घसरती विक्री सावरण्यासाठी स्टेलँटिस या बलाढ्य मोटार कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये चार वर्षांत तेरा अब्ज डॉलर गुंतविण्याची योजना जाहीर केली. पाच नवी वाहने, पाच हजार नव्या नोकऱ्या आणि इलिनॉयमधील बेल्विडियर येथील बंद कारखान्याची पुन्हा सुरुवात, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. २०२४ साली कंपनीचा निव्वळ नफा सत्तर टक्क्यांनी घसरला, विक्रेत्यांच्या आवारात न खपलेल्या गाड्यांची दाटी झाली आणि कार्लोस टावारेस यांना डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी प्रमुखपद सोडावे लागले. या सर्व घडामोडींशी ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाचा काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. संबंध आहे, आणि तो दूरचाही नाही. क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो हे या कंपनीचे तीन ठळक घटक. जानेवारी २०२१ मध्ये ते एकाच छत्राखाली आले. नेमक्या याच तीन कंपन्या, नेमक्या याच क्रमाने, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या परदेशी भागीदार होत्या. आणि तिसऱ्या भागीदारीचा शेवट झाला तो कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीच्या अंगाला असलेल्या कारखान्यात.

जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात झाली पाहिजेत, हा शेठ वालचंद हिराचंद यांचा ध्यास होता. त्यापायी त्यांनी डेट्रॉइट गाठले, फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटल्यावर क्रायस्लरशी करार केला आणि १९४४ साली प्रीमियरची स्थापना केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉजच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट आली. तिची ‘अकराशे’ ही लहानखुरी मोटार या मातीत इतकी रुजली की १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले तेव्हा तेही परके वाटले नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दुसरे नावच पद्मिनी झाले. त्या ताफ्यातील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

परंतु पद्मिनीच्या दीर्घायुष्याचे सारे श्रेय तिच्या गुणांना देणे हे ममत्वाचे लक्षण ठरेल. परवाना पद्धतीच्या त्या युगात ग्राहक गाडीची निवड करीत नसे. गाडीची वाट पाहत असे. पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे राहण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडली होती. उत्पादकालाही या सवयीची गोडी लागली, यात नवल नाही. माल घडविण्यापूर्वीच हाती येणारी, बँकेसारखी चौकशी न करणारी आणि तगादाही न लावणारी रक्कम कोणाला नको असते? १९८३ च्या डिसेंबरात मारुती अवतरली आणि ही रांग मोडण्यास आरंभ झाला. निसानचे इंजिन बसविलेली ‘११८ एनई’ प्रीमियरने १९८५ मध्ये आणली खरी, पण ओसरती लाट तिला थोपविता आली नाही.

याच सुमारास क्रायस्लर काय करीत होती, हे पाहणे उद्बोधक आहे. १९७५ मध्ये या कंपनीने गाडी घेणाऱ्याला रोख परतावा देण्याची टूम काढली. गोदामे काही काळ रिकामी झाली, रोग मात्र बरा झाला नाही. १९७९ मध्ये दिवाळखोरी उंबरठ्याशी येऊन ठेपली, तेव्हा ली आयाकोका यांनी सरकारचे दार ठोठावले. जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यान्वये दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. ही हमी फुकटची नव्हती. कामगारांनी वेतनकपात सोसावी, बँकांनी येणे सोडावे, विक्रेत्यांनी आणि पुरवठादारांनी आपला वाटा उचलावा, अशा अटी कायद्यातच होत्या. सरकारने कंपनीचे समभाग विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला आणि पुढे तो विकून नफाही मिळविला. कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर बसले. मग ‘के’ श्रेणीची साधी, काटकसरी गाडी आली, १९८३ मध्ये हमीचे कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फिटले, आणि पाठोपाठ मिनीव्हॅन आली. हजारो कामगारांना या व्यवहारात घरी बसावे लागले, हे आयाकोकांच्या गौरवगाथेत फारसे ठळक येत नाही. तथापि कोणी किती सोसायचे याचा हिशेब तेथे आधी आणि उघड मांडला गेला, एवढे मान्य केलेच पाहिजे.

कल्याणच्या कारखान्यात असा हिशेब कधी मांडलाच गेला नाही. उदारीकरणानंतर प्रीमियरने प्यूजोशी हातमिळवणी केली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘३०९’ ही गाडी बाजारात आणली. युरोपात या गाडीची जागा १९९३ मध्येच तिच्या धाकट्या भावंडाने घेतली होती. तरीही डिझेलवर चालणारी, प्रशस्त आणि फ्रेंच म्हणून मिरविणारी ही मोटार भारतीय मध्यमवर्गाला मोहवून गेली. नोंदणीसाठी रांगा लागल्या. एकीकडे प्यूजोशी संसार मांडलेला असताना दुसरीकडे प्रीमियरने जुन्या फियाटशी ‘उनो’साठी नवा करार केला आणि १९९६ मध्ये तिचीही नोंदणी घेतली. ती दोन लाखांवर गेली! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे फ्रेंच भागीदाराला मान्य होण्यास वेळ लागला नाही. त्यातच कामगारांचा असंतोष उफाळला, उत्पादन खोळंबले आणि १९९७ मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. (विनोद दोशी हे नाव आजच्या तरुणांना पुण्यातील नाट्यमहोत्सवामुळे ठाऊक असेल, प्रीमियरचे ते प्रमुख होते. कलावंतांना त्यांनी दिलेला आश्रय निःसंशय मोलाचा होता, पण कारखान्याचा प्रयोग रंगला नाही.)

सारा दोष संपाच्या माथी मारण्याची प्रथा त्या काळापासून आहे. दत्ता सामंतांचे नाव घेतले की अनेकांच्या लेखी चर्चा संपते. संपाने नुकसान झाले, हे कोणीही नाकारणार नाही. किंबहुना विक्रीचा मोसम ऐन भरात असताना यंत्रे थांबविणे हे कामगारांच्याही हिताचे नव्हते. परंतु दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांशी एकाच वेळी सोयरीक करणे, कारखान्याच्या आवाक्याबाहेर नोंदणी घेणे आणि हे निर्णय घेताना कामगाराला अंधारात ठेवणे, यांपैकी एकही गोष्ट संघटनेने ठरविलेली नव्हती. डेट्रॉइटमध्ये जो संचालकांच्या टेबलाशी बसला, तो येथे फाटकाबाहेर उभा राहिला.

आणि ग्राहक? तो तर या चित्रात कोठेच नव्हता. नोंदणीची रक्कम भरणारा हा काही धनिक नव्हता. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतलेला अधिकारी, निवृत्तीच्या पैशांतून मुलांसाठी गाडी घेऊ पाहणारा प्राध्यापक, वसई-ठाण्याकडचा लहान व्यावसायिक, असा हा वर्ग. गाडीही नाही आणि रक्कमही नाही, अशी अवस्था झाल्यावर अनेकांना ग्राहक मंचाची पायरी चढावी लागली. क्रायस्लरच्या संकटात जोखीम पत्करली ती सरकारने, अटी घालून. प्रीमियरच्या संकटात ती पत्करली ग्राहकाने, आपण जोखीम पत्करीत आहोत हे ठाऊक नसताना. भागधारकाला निदान वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. आगाऊ रक्कम भरणाऱ्याला तेवढाही अधिकार नव्हता.

आज हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, नोंदणीचे जुने वेड नव्या वेषात परतले आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या काळात नमुना दाखवायचा, घरबसल्या रक्कम भरून घ्यायची आणि गाडी सवडीने द्यायची, हा रिवाज पुन्हा रूढ होत आहे. कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांनी वर्षभर वापराविना राहिलेल्या आगाऊ रकमेला ठेव मानले, हे पाऊल योग्यच होय. पण वर्ष उलटल्यावर रकमेला ठेव म्हटल्याने, ती तोपर्यंत खर्च झाली असेल तर, परत येत नाही. गाडी हाती पडेपर्यंत नोंदणीची रक्कम स्वतंत्र खात्यात राहिली पाहिजे आणि तिचा उपयोग कारखान्याचे पगार भागविण्यास किंवा जुनी देणी फेडण्यास होता कामा नये. यावर उद्योजक म्हणतील की अशा बंधनाने नवे उद्योग उभेच राहणार नाहीत. बँका आणि भागबाजार ज्या उद्योगावर विश्वास टाकण्यास कचरतात, त्याचा भार शिक्षकाने आणि कारकुनाने उचलावा, असाच या युक्तिवादाचा अर्थ होतो.

ही सूचना अव्यवहार्य म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण तिचा दाखला प्रीमियरच्याच आवारात सापडतो. ज्या जागेवर प्यूजोचे सांगाडे जोडले जात, तेथे आता टोलेजंग निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार अशा प्रकल्पांतील ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम विकासकाला त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि बांधकाम पुढे सरकेल तशीच ती काढता येते. बांधकाम व्यवसाय या अटीने बुडालेला नाही. त्याच भूमीवर सदनिका नोंदविणाऱ्याला आज जे संरक्षण आहे, ते तेथे मोटार नोंदविणाऱ्याला तेव्हा नव्हते. आणि मोटार नोंदविणाऱ्याला ते अद्यापही लाभलेले नाही.