पॉइंट जमा झाले, आता बिलातून वळते करून घ्या

घरखर्च आणि बरकत

यावलच्या बाजारपेठेत किराणा, औषधे, कापड, मोबाइल असे कोणतेही दुकान घ्या, गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी असतेच. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय झाली. त्यामुळे ज्या छोट्या दुकानात कार्ड घासायचे यंत्र कधी नव्हते, तिथेही आता क्रेडिट कार्डाने पैसे देता येऊ लागले आहेत. भुसावळला रेल्वेत नोकरीला असलेले, शाळा-कॉलेजात शिकवणारे, केळीचा बाग असलेले किंवा ज्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, अशा अनेक घरांत आज एखादे तरी कार्ड सापडते.

कार्डाबरोबर ‘रिवॉर्ड पॉइंट’ येतात. दर महिन्याच्या स्टेटमेंटच्या कोपऱ्यात त्यांचा आकडा वाढत राहतो आणि बहुतेक घरांत त्याकडे कोणी बघतही नाही. काही जण बघतात, बँकेच्या कॅटलॉगमधून डबा, बॅग किंवा घड्याळ मागवतात आणि विसरून जातात. त्याच पॉइंटांची रक्कम सरळ कार्डाच्या बिलातून वजा करून घेता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बँका याला ‘स्टेटमेंट क्रेडिट’ म्हणतात. ज्या घराचा खर्च तांदूळ, तेल, औषधे, वह्या-पुस्तके यांवरच होतो, त्या घराला आमच्या मते हाच मार्ग सगळ्यात सोयीचा. कॅटलॉगमधली वस्तू आपल्याला हवी असतेच असे नाही, किराणा मात्र दर महिन्याला लागतोच.

हे वळते करून घेण्याआधी चार गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पॉइंट म्हणजे रुपया नव्हे

पहिली गोष्ट पॉइंटच्या किमतीची. खात्यात २,००० पॉइंट दिसले की २,००० रुपये जमले असे वाटते, पण तसे नसते. बऱ्याच साध्या कार्डांवर बिलात वळते करताना एक पॉइंट २० ते २५ पैशांचा धरला जातो. काही कार्डांवर तो पूर्ण एक रुपयाचाही असतो. शिवाय एकाच कार्डावर विमानाच्या तिकिटासाठी वेगळा भाव, व्हाउचरसाठी वेगळा आणि बिलासाठी वेगळा असू शकतो. बिलाचा भाव अनेकदा सगळ्यात कमी असतो. तरीही नको असलेल्या वस्तूच्या चढ्या भावापेक्षा लागणाऱ्या वस्तूचा उतरता भाव परवडतो.

दुसरी गोष्ट शुल्काची. पॉइंट वळते करायला बऱ्याच बँका दर वेळी ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात. म्हणजे एका वेळचे ११६ रुपये ८२ पैसे. समजा २५ पैशांच्या भावाने ५०० पॉइंट वळते केले. मिळाले १२५ रुपये, त्यातून शुल्क गेले, हातात उरले ८ रुपये १८ पैसे.

आता एका घराचा वर्षाचा हिशेब मांडू. पॉइंट मिळतील असा खर्च महिन्याला ८,००० रुपये, दर शंभराला २ पॉइंट आणि पॉइंटचा भाव २५ पैसे. महिन्याला १६० पॉइंट म्हणजे ४० रुपये. वर्षाला १,९२० पॉइंट म्हणजे ४८० रुपये. हे पॉइंट दर तीन महिन्यांनी वळते केले तर चार वेळा शुल्क पडते, ४६७ रुपये २८ पैसे. वर्षअखेर उरतात १२ रुपये ७२ पैसे! तेच वर्षातून एकदाच वळते केले तर ३६३ रुपये १८ पैसे उरतात. कार्ड तेच, खर्च तोच. फरक पडला तो नुसत्या सबुरीने.

म्हणून आमचे सांगणे असे की वर्षातून एकच वेळ ठरवून घ्यावी. आपल्या घरांना त्यासाठी रमजानच्या आधीचा महिना बरा. इफ्तार-सहेरीचे सामान, मुलांचे ईदचे कपडे यांमुळे पुढचे बिल वाढणारच असते, तेव्हा हा हातभार लागतो. मात्र पॉइंटांना मुदत असते, अनेक कार्डांवर ती दोन वर्षांची असते. ‘किती पॉइंट कोणत्या तारखेला संपणार’ हे स्टेटमेंटमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये बघूनच वाट बघावी. वळते करायला किमान किती पॉइंट लागतात तेही तिथेच कळते. ज्या कार्डावर शुल्क नाही किंवा कॅशबॅक आपोआप बिलात जमा होतो, तिथे ही वाट बघण्याची गरजच नाही.

वळते केले तरी बिल भरायचेच

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. पॉइंट वळते करण्याची विनंती अ‍ॅपवरून किंवा बँकेच्या ग्राहकसेवेला फोन करून देता येते. काही अ‍ॅपमध्ये एखादी ठरावीक खरेदी, समजा औषधांचे बिल, निवडून तेवढीच रक्कम पॉइंटांनी फेडता येते. पण ही रक्कम खात्यात दिसायला काही दिवस जातात, आणि बऱ्याच बँकांच्या अटींनुसार ती ‘भरणा’ म्हणून धरली जात नाही. ‘पाचशे रुपये तर पॉइंटांतून गेले, म्हणजे किमान रक्कम भरली गेली’ असे समजून कोणी स्वस्थ बसले तर उशिराचे शुल्क लागते. बिलावर जो पूर्ण आकडा आहे तो शेवटच्या तारखेच्या आत भरावा. पॉइंटांची रक्कम पुढच्या बिलात कमी होऊन येईल.

चौथी गोष्ट, कशावर पॉइंट मिळतात आणि कशावर नाही. पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे भरणे, घरभाडे, हप्त्यावरची खरेदी यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत. वीजबिल आणि विम्याच्या हप्त्यावर अनेक कार्डांनी पॉइंट कमी केले आहेत. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढणे तर टाळावेच. तिथे वेगळे शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. आठवडी बाजारात बामणोदची भरिताची वांगी घेताना कार्डाचा प्रश्नच येत नाही, आणि तो यायलाही नको.

एखादा दुकानदार ‘कार्डाने दिलेत तर दोन टक्के जास्त लागतील’ म्हणाला तर सरळ रोख द्यावेत. ५,००० रुपयांच्या कापडावर दोन टक्के म्हणजे १०० रुपये जादा, आणि वरच्या भावाने पॉइंट मिळणार २५ रुपयांचे. दुकानदाराची अडचणही समजून घ्यायला हवी. कार्डाच्या अशा विक्रीतून त्याला बँकेला कमिशन द्यावे लागते, आणि आपल्याला मिळणारे पॉइंट बरेचसे त्या कमिशनमधूनच येतात.

वर्षाची कमाई एका महिन्यात जाते ती अशी

आता या विषयातला खरा धोका. बिल पूर्ण भरले नाही तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचा दर होतो ४२ टक्के. काही कार्डांवर तो ४५ टक्केही आहे. समजा १२,००० रुपये एक महिना थकले. व्याज ४२० रुपये, त्यावर जीएसटी ७५ रुपये ६० पैसे, एकूण ४९५ रुपये ६० पैसे. वर्षभर जपून गोळा केलेले पॉइंट होते ४८० रुपयांचे. एका महिन्याच्या चुकारीने वर्षाची सवलत गेली आणि वर पंधरा रुपये खिशातून गेले. उशिराचे शुल्क यात धरलेलेच नाही.

‘किमान रक्कम’ भरली की काम झाले असेही नाही. किमान रक्कम भरल्याने उशिराचे शुल्क टळते, व्याज टळत नाही. उलट मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि त्या दिवशी घेतलेल्या तेलाच्या पिशवीवरही व्याज चढू लागते. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने लांबेल आणि व्याज वाढत जाईल, असा इशारा स्टेटमेंटवर छापायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. तो बारीक अक्षरात असतो, पण एकदा तरी वाचावा.

आपल्या वाचकांसाठी हा केवळ नफा-तोट्याचा प्रश्न नाही, इथे सूद येते. आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह अकादमीने २००० साली रियाधच्या बैठकीत असा ठराव केला की ज्या कार्डाच्या करारातच व्याजाची अट आहे ते वापरू नये, मग वापरणाऱ्याचा इरादा वेळेत भरण्याचा असला तरी. दुसरीकडे, व्याज लागण्याची वेळच येऊ न देता, मुदतीत पूर्ण रक्कम भरून कार्ड वापरायला हरकत नाही, असे म्हणणारे उलेमाही आहेत. हा निवाडा करणे आमच्या सदराचे काम नाही. ज्याने-त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून ठरवावे. पण थकबाकी ठेवून व्याज भरत राहणे योग्य, असे दोन्हीकडचे कोणीच म्हणत नाही. ज्यांना कार्ड नकोच, त्यांच्यासाठी काही बँका डेबिट कार्डावरही थोडे पॉइंट देतात. तिथे पैसा आपलाच असतो, उधारी नसते.

शेतीवर चालणाऱ्या घरांनी इथे अधिक जपून राहावे. घड कापले गेले तरी व्यापाऱ्याकडून पैसे हातात यायला वेळ लागतो. जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर ते येतही नाहीत. बँकेची तारीख मात्र थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार बिलाची तारीख बदलून मागण्याची सोय ग्राहकाला मिळाली आहे. पगार किंवा मालाचे पैसे हातात येतात त्यानंतर शेवटची तारीख पडेल, असे चक्र मागून घ्यावे.

आणखी एक. पॉइंट जास्त मिळतात म्हणून महिन्याचे सामान जळगावच्या मॉलमधून आणणारी घरे आम्ही पाहतो. जाण्यायेण्याचे भाडे, मुलांचा खाऊ, ‘ऑफर आहे’ म्हणून टोपलीत पडलेल्या चार जादा वस्तू हे सगळे जोडले की पॉइंटांचे चाळीस रुपये कुठल्या कुठे जातात. यालाच आपण इसराफ म्हणतो. शिवाय बाग गेलेल्या वर्षी वहीवर नाव लिहून सामान देणारा गल्लीतला किराणावालाच होता. मॉल ते करणार नाही.

‘आजच संपणार’ असा निरोप आला तर

पॉइंटांच्या नावाने लुबाडणूकही चालते. ‘तुमचे ९,९८० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपत आहेत, खालील लिंक उघडा’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, सोबत एखादी एपीके फाइल असते. ती फोनमध्ये घेतली की फोनचा ताबा चोराकडे जातो आणि ओटीपीही त्यालाच दिसतात. स्टेट बँकेच्या नावाने असे निरोप फिरले तेव्हा पीआयबीने ते बनावट असल्याचे जाहीर केले होते, आणि आपण अशी लिंक किंवा फाइल पाठवत नाही असे बँकेनेही सांगितले आहे. पॉइंट बघायचे तर आपण स्वतः बँकेचे अधिकृत अ‍ॅप उघडून बघावेत. घरातल्या अम्मी-अब्बांना आणि नव्याने फोन हाती आलेल्या मुलांना हे बसवून समजावून सांगावे. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. बँकेकडे दिलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, किंवा मिळालेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी माहितीचा क्रमांक १४४४८ आहे.

या महिन्यात एवढे करा

कार्डाचे ताजे स्टेटमेंट काढा. घरखर्चाच्या वहीत पाच ओळी लिहा: पॉइंट किती, बिलासाठी एका पॉइंटचा भाव किती, शुल्क किती, कोणते पॉइंट कधी संपतात, आणि मागच्या बारा महिन्यांत व्याज व उशिराचे शुल्क मिळून किती गेले. शेवटचा आकडा शून्य असेल तर कार्ड तुमच्या कामाचे आहे. पॉइंट वर्षातून एकदा वळते करा आणि वाचलेली रक्कम वहीत किराण्याच्या नावे लिहा. म्हणजे ती दुसऱ्या कशावर उडणार नाही.

तो आकडा पॉइंटांच्या रकमेपेक्षा मोठा असेल तर कार्ड बंद करण्याचा विचार करावा. बंद करण्याआधी पॉइंट वळते करून घ्यावेत, नंतर ते मिळतीलच याची खात्री नसते. मग पूर्ण बाकी फेडून लेखी विनंती द्यावी. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते. तसे केले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा नियम आहे. कार्ड बंद झाल्याचा निरोप आला की तो जपून ठेवावा.