फटफटीवरून परभणी

पहाटे तीन-साडेतीनला वाशीच्या घाऊक बाजाराच्या फाटकाशी उभे राहिले, की निम्मा महाराष्ट्र आपल्या डोळ्यांसमोर गाड्यांतून उतरताना दिसतो. ओतूर-जुन्नरकडचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, कोथिंबीर, मेथी. ड्रायव्हरचे डोळे तांबारलेले आणि ताडपत्रीवर माळशेजचे दव. नोकरी शेतीखात्याची आणि बिऱ्हाड नेरूळला तिसऱ्या मजल्यावर, असा आमचा उफराटा संसार. त्या गाड्यांकडे पाहून पुष्कळदा मनात येई, की हा माल ज्या रस्त्याने खाली येतो त्याच रस्त्याने आपण एकदा उलटे वर जावे, आणि तेही फटफटीवरून.

गेल्या डिसेंबरात तो योग आला. परभणीच्या कृषी महाविद्यालयातला आमचा एक वर्गमित्र तिथेच जवळच्या गावात शेती करतो. त्याच्या मुलीचा साखरपुडा शनिवारी सकाळी होता. सौ. म्हणाली, "अहो, देवगिरी एक्स्प्रेस आहे की! रात्री बसायचे आणि सकाळी परभणीला उतरायचे. या वयात हे काय सोंग?" शेवटी तिने शुक्रवारच्या रात्रीचे देवगिरीचे तिकीट काढले आणि आम्ही गुरुवारी पहाटे पाचला किक मारली.

आमची गाडी शंभर सीसीची, सोळा वर्षांची. नोकरीला लागलो तेव्हा एम-८० होती. त्याआधीच्या पिढीतले ग्रामसेवक आणि दूधवाले राजदूतवर फिरत, आणि तिचा आवाज दोन शिवारांपलीकडून ओळखू येई. आता गाड्या मुक्या झाल्या. निघण्यापूर्वी टायर, ब्रेकचे लायनर, साखळी आणि दिवा पाहून घेतला. क्लचची एक केबल, एक प्लग आणि एक ट्यूब बरोबर घेतली. लांबच्या प्रवासात गाडीपेक्षा माणूस आधी दमतो, म्हणून तासाभराने उतरून दहा मिनिटे पाय मोकळे करायचे, एवढा एक नियम केला. दुसरा नियम भाच्याने घालून दिला होता, तो पुढे सांगतो.

आता एक गंमत पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, त्यावरही मज्जाव. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पुरा झाला, त्यावरही नाही. हे योग्यच आहे, कारण ताशी शंभर-एकशेवीसने जाणाऱ्या मोटारींत आमची शंभर सीसी म्हणजे हत्तींच्या कळपात कोंबडी. पण त्यामुळे झाले असे, की मोटारवाल्याला गाव लागत नाही आणि फटफटीवाल्याला गाव चुकत नाही. त्याने चहा प्यायचा तो एखाद्या एसटी स्टँडसमोर, आणि पंक्चर काढायचे ते एखाद्या पाराखाली.

शिळफाटा, कल्याण, मुरबाड. कल्याणहून निघणाऱ्या या रस्त्याला मराठवाड्यात लोक कल्याण-विशाखापट्टणम म्हणतात. मुरबाडकडे भातकापणी उरकली होती आणि उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा हिरवा दिसत होता. माळशेज चढून गेलो, की चित्र पालटते. खाली दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाटमाथा ओलांडून तासा-दोन तासांत नगरच्या बाजूला पाच-सहाशेची मारामार. मढ, ओतूर, आळेफाटा, बेल्हे, टाकळी ढोकेश्वर. भात संपले, कांद्याच्या लागणी लागल्या, मग रब्बी ज्वारी, आणि पुढे कपाशीची बोंडे. पुस्तकात जे हवामान विभाग आम्ही दोन वर्षे घोकले, ते एका दिवसात चाकाखालून जातात. मोटारीत काच वर करून बसलेल्याला हे कळत नाही. फटफटीवर मात्र हवा कुठे कोरडी झाली ते नाकाला आधी समजते.

बेल्ह्याचा बैलबाजार जुना, नावाजलेला. आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस नव्हता. तरी चहावाल्याने बैलांच्या किमती, ट्रॅक्टरचे हप्ते आणि आपल्या मेव्हण्याचा कोर्टातला दावा हे सारे एका कपात ऐकवले.

आता भाच्याचे. धाकट्या बहिणीचा मुलगा मेलबर्नला असतो आणि सुट्टी मिळाली की मोटारसायकल घेऊन तिकडच्या खेड्यापाड्यांतून हिंडतो. तिकडे दोन गावांमधले अंतर इतके, की पुढचा पेट्रोल पंप कुठे हे माहीत असल्याशिवाय निघता येत नाही. सिडनी-मेलबर्नच्या ह्यूम महामार्गावर होलब्रुक नावाचे गाव आहे. समुद्रापासून कितीतरी दूर, पण गावात एका पाणबुडीचा वरचा सांगाडा मांडून ठेवलेला आहे, कारण गावाचे नावच एका पाणबुडी अधिकाऱ्यावरून ठेवलेले. २०१३ साली महामार्ग या गावाला वळसा घालून गेला आणि गावातून वाहणारा मालमोटारींचा लोंढा बाहेर गेला. तेव्हापासून मुद्दाम रस्ता सोडून जो आत वळेल तोच गिऱ्हाईक. ब्रिम नावाच्या दुसऱ्या एका खेड्यात २०१६ साली धान्याच्या उंच कोठारांवर एका चित्रकाराने शेतकऱ्यांची प्रचंड चित्रे काढली, आणि ती पाहायला आता लोक वाट वाकडी करून येतात. फोटो पाहून मला मौज वाटली. आपल्याकडे गोदामाच्या भिंतीवर बियाण्याची जाहिरात असते.

तर या भाच्याने फोनवर बजावले होते, "मामा, एक गोष्ट पाळ. सूर्य मावळायच्या आत गाडी उभी करायची. इथे तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून जाणता माणूस त्या वेळी मोटारसायकल चालवत नाही." मी हसलो. म्हटले, "अरे बाबा, आमच्याकडे कुठले आलेत कांगारू!"

पहिल्या दिवशी नियम पाळला. करंजीचा घाट उतरून उजेडीच पाथर्डीला पोचलो आणि स्टँडजवळ खोली घेतली. हा ऊसतोड कामगारांचा तालुका. शेजारी चहाची टपरी चालवणारी म्हातारी सांगत होती, "पोरगा-सून कारखान्यावर. दसरा झाला की जात्यात, पाडव्याच्या टायमाला येत्यात. कोयत्याची उचल घेतलेली." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. "धाकटा नातू माझ्यापाशी, साळंत जातो. थोरली नात त्यांच्यासंगं गेली. तान्हं हाय ना, त्याला कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी मात्र नियम मोडला, आणि दोष माझाच. गढीच्या अलीकडे बाभळीच्या काट्याने पंक्चर केले, त्यात दीड तास गेला. माजलगावला मोंढ्यात कपाशी आणि नवी तूर पाहायला म्हणून शिरलो, तर एका आडतीवर ओळख निघाली आणि बसलो गप्पा मारत. तिथून निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते. म्हटले, पाथरी किती लांब! तिथे मुक्काम करू.

डिसेंबरात सहा वाजता दिवस बुडतो. पुढची वीसेक मिनिटे फार वाईट असतात. दिवा लावला तरी उजेड पडत नाही, आणि न लावावा तर दिसत नाही. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम. समोरून उसाचे ट्रॅक्टर येतात, कोणाचा एकच दिवा, कोणाचे चारही डोळ्यांवर. मी ताशी पन्नासने जात होतो. समोरचा ट्रॅक्टर ओलांडून गेला, डोळ्यांपुढे क्षणभर काजवे आले, आणि त्या अंधारात काहीतरी पांढरे हलताना दिसले. ब्रेक दाबले ते केवळ त्या पांढऱ्या हालचालीमुळे. गाडी थांबली तेव्हा दहा-अकरा वर्षांची एक मुलगी माझ्या पुढच्या चाकापासून चार हातांवर उभी होती. हातात उसाचे कांडे आणि त्याला बांधलेले खताचे रिकामे पांढरे पोते. तिच्यामागे, रस्त्याच्या निम्म्या रुंदीत, उसाने भरलेली ट्रॉली. मागचा टायर फुटलेला. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि वाढे लोंबत होते ते फळीच्याही मागे हातभर.

"बाबा, हळू! म्होरं ट्राली हाय," ती ओरडली. मी थांबलोय हे दिसत असूनही ओरडली.

ड्रायव्हर पुढची ट्रॉली रस्त्यात सोडून, नुसता ट्रॅक्टर घेऊन टायर आणायला गेला होता. मुलीची आई तान्हे घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली, बाप पुढच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांना हात करत होता. मी विचारले, "कधीपासून उभी आहेस, बाई?" म्हणाली, "दिस बुडायच्या आधीपासनं. मघा एक गाडी लई जवळ आली व्हती." एवढे बोलून ती पुन्हा रस्त्याकडे तोंड करून पोते हलवू लागली.

मी माझी गाडी बरीच मागे नेऊन कडेला उभी केली, इंडिकेटर चालू ठेवला आणि मुलीला आईजवळ बसवले. पोते मी घेतले. तास-सव्वातास ते हलवताना डोक्यात हिशेब चालू होता, कारण आम्हा लोकांना हिशेबाची खोड. ताशी पन्नास म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. खाली घेतलेल्या दिव्याचा उजेड फार तर तीस-चाळीस मीटर. पुढे काहीतरी आहे हे डोक्यात शिरून हात-पाय ब्रेकवर जायला एक ते दीड सेकंद लागतो, म्हणजे पंधरा-वीस मीटर तिथेच गेले. उरलेल्यात गाडी थांबायची. कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, कशीबशी थांबेल. तेच चांगला लाल रिफ्लेक्टर त्याच दिव्याला शे-दीडशे मीटरवरून उत्तर देतो. बोर्डावर शिकवायला हे सोपे, पण रस्त्यावर हात दुखून येतो.

ड्रायव्हर आला, टायर चढला. चाकांना लावलेले दगड आम्ही उचलून नाल्यात टाकले. हे मुद्दाम लिहितो, कारण गाडी हलते आणि दगड तिथेच राहतात, आणि मागून येणारा फटफटीवाला त्यावर जातो. रस्त्यावर सोयाबीन किंवा ज्वारीची कणसे वाळवतानाही आपण कडेने दगड मांडतो, संध्याकाळी रास भरून घरी नेतो आणि दगड विसरतो. खळे उरले नाही, डांबर तापते, त्यावर मळणी फुकटात होते, हे सारे कबूल. पण दगड तरी उचला. सोयाबीनच्या काडावर चाक कसे घसरते ते मी पूर्वी एकदा पाहिले आहे, माझ्या डाव्या कोपरावर अजून खूण आहे.

मुलगी उसावर चढून बसली आणि पोते तिने बरोबर घेतले. मी पाथरीला नऊला पोचलो.

शनिवारी साखरपुडा छान झाला. सौ. माझ्याआधी हजर होती आणि तिने एका शब्दानेही विचारले नाही, म्हणजे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळले होते. दुपारी अंगणात मित्राची ट्रॉली दिसली. मागे जाऊन पाहिले, तर फळी कोरी. म्हटले, "अरे, हे काय?" तो म्हणाला, "माझी ट्रॉली घरून शेतात आणि शेतातून मोंढ्यात. रात्रीची कुठे जाते?" त्याचा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तुरीच्या वेळी रोज रात्रीच येतो आपण."

आम्ही तिघे परभणीत रेडियमवाल्याकडे गेलो. मागे लाल, पुढे पांढरे, बाजूंना पिवळे असे घेतले. डीएपीच्या एका पोत्याच्या पैशांत ट्रॉली भागली. नुसती चिकटपट्टी धुळीवर आणि गंजावर चार दिवसही टिकत नाही, म्हणून आधी फळी घासून, फडक्याने कोरडी पुसून घ्यावी. मागचे दोन मोठे लाल रिफ्लेक्टर आम्ही नट-बोल्टनेच बसवले, कारण उसाची पाने पट्टी खरवडून काढतात. ऊस भरला, की वाढ्यांमागे फळी झाकून जाते. त्यासाठी लाकडाच्या एका हातभर पाटीवर लाल पट्टी चिकटवून तिला दोरी लावली. माल भरून झाला की ती सर्वांत मागच्या मोळीला बांधायची. आणि आठवड्यातून एकदा चिखल पुसायचा. चिखलाखालचा रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा.

परतताना आदल्या रात्री पाथरीला राहिलो, सकाळी सातला निघालो आणि चारलाच पाथर्डीत गाडी उभी केली. म्हातारीच्या टपरीवर चहा घेतला. लाल पट्टीची अर्धी गुंडाळी उरली होती, ती तिला दिली आणि ट्रॉलीला कुठे, कशी लावायची ते सांगितले. म्हटले, "पोरगा पाडव्याला आला की दे." ती म्हणाली, "पाडव्याला कशाला? तवर ऊस संपंल. उद्या मुकादमाचा माणूस तिकडं चाललाय, त्याच्या हाती धाडते." आणि तिने ती गुंडाळी साखरेच्या डब्यावर, समोर दिसेल अशी ठेवली.