आधी कान, मग गिटार

घरात गिटार वाजू लागली की शेजारपाजाऱ्यांची झोप नको मोडायला म्हणून मुलं कानात घालायचे ‘इन-इअर मॉनिटर’ मागतात. मैत्रिणींनो, हौस जरूर पुरवा. पण स्टेजवरच्या कलाकारांसारखे महागडे कशाला? ब्लूटूथचेही नकोत. त्यात तार छेडली की सूर किंचित उशिरा कानी येतो, ताल बिघडतो. साधे वायरचे घ्या. मात्र सोबत तीन मापांच्या रबरी टोप्या हव्यातच. टोपी सैल बसली की बाहेरचा गोंगाट आत येतो आणि पोरं आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्यांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. मुलांसाठी मर्यादा ७५ची! मोठ्या आवाजानं गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. तेव्हा किंमत नंतर विचारा, कानात नीट बसतं का ते आधी बघा.