परवाना घ्या, पण आधी आपल्या जमिनीचा कागद वाचा!

महाराष्ट्रात मालमत्ता एजंट व्हायचे असेल तर २०२३ पासून महारेराचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. आपल्या तरुणांनी ही परीक्षा जरूर द्यावी. पण आमचा एक प्रश्न आहे. या ज्ञानावर आपण दलाली कोणाची करणार?

हा प्रश्न महार वतनाच्या जमिनींमुळे विचारावा लागतो. वतन म्हणजे गावकीची राबणूक आणि बदल्यात जमिनीचा तुकडा. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि कब्जाहक्काची रक्कम भरून जमिनी वतनदारांना परत मिळाल्या. त्याला एक अट होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर करायचे नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ लिहिलेले असते ते यामुळेच.

आता परीक्षेतले धडे या जमिनीला लावून पाहा.

पहिला धडा : साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ सांगतो की नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखताच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. मग वतनाच्या जमिनीवर नोटरीचे कागद आणि कुलमुखत्यारपत्रे का केली जातात? परवानगीची अट टाळून जमीन स्वस्तात ताब्यात घेता यावी म्हणून!

दुसरा धडा : सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. पुनर्प्रदानाचा आदेश, जुने फेरफार आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचल्याशिवाय सही करायची नाही.

तिसरा धडा : वारस. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांच्या मिळकतीत मुलीही वारस आहेत. बहिणींची नावे वगळून केलेली वारसनोंद हा अन्याय आहेच, शिवाय उद्याच्या दाव्याचे मूळही तेच आहे. ‘ताई, इथे अंगठा दे’ म्हणून हक्कसोडपत्र उरकणारा भाऊ आपला असला तरी त्याला अडवले पाहिजे.

काही जण म्हणतात, ही अटच जाचक आहे. मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला पैसा लागतो तेव्हा जमीन असून उपयोग होत नाही. ही अडचण खरी आहे आणि परवानगीची प्रक्रिया सोपी व्हावी ही मागणी रास्त आहे. पण त्यावरचा उपाय चोरवाट नाही. विनापरवानगी व्यवहार झाला तर शर्तभंग म्हणून जमीन सरकारजमा होऊ शकते. तोवर दलालाने आपला वाटा घेतलेला असतो. आपल्या म्हाताऱ्याच्या हाती मात्र ना जमीन राहते, ना भाव.

जमीन बळकावली असेल तर गप्प बसू नका. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाची जमीन बेकायदेशीरपणे ताब्यात घेणे किंवा त्याला तिच्यावरून हुसकावणे हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(एफ) आणि (जी) खाली गुन्हा आहे. कमिशनच्या आशेने त्या व्यवहारात मध्यस्थ होणारा आपलाच सुशिक्षित पोरगा असेल, तर त्याच्या शिक्षणाचा समाजाला काय उपयोग?

म्हणून परवाना घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला आमचे सांगणे आहे : ग्राहक शोधण्याआधी एक रविवार आपल्या विहारात बसा. घराघरातून सातबारा, आठ-अ, फेरफार मागवा. कोणती जमीन वर्ग-२ आहे, कोणाचे नाव गळले आहे, कोणी कुलमुखत्यारपत्रावर सही केली आहे, याची वही करा. ज्याला कागद वाचता येतो, त्याच्या वस्तीत दलाल दहा वेळा विचार करून पाऊल टाकतो.

जयभीम!