कॉलम गेला म्हणे!

"कॉलम गेला." ही घोषणा प्रयोगशाळांतून हद्दपार होईल त्या दिवशी मी पेढे वाटीन.

(नातेवाईक मंडळींसाठी: मी दिवसभर ज्याच्यासमोर बसतो ते यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. तीसेक मीटर लांब, अगदी बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, वायूबरोबर नमुन्याची वाफ सोडायची. त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि पडद्यावर एकेक डोंगर उमटतो. डोंगरांखालची जमीन ती बेसलाइन.)

तर ही जमीन हलायला लागली की लोक दोनच गोष्टी करतात. हजारो रुपयांचा नवा कॉलम मागवतात, नाहीतर माउस हातात घेऊन रेघ सरळ ओढतात. या दुसऱ्या प्रकाराने माझं डोकंच फिरतं. पूर्वीच्या एका ठिकाणी तर साहेबांचं म्हणणंच होतं, की ऑडिटला रेघ सरळ दिसली पाहिजे. दिसली पाहिजे!

अहो, पण हलणारी रेघ काहीतरी सांगत असते. ओव्हनच्या तापमानाबरोबर चढली आणि थंड झाल्यावर उतरली, तर कॉलमच्या आतला लेप झिजतोय. मान्य. पण का झिजतोय? कुठल्यातरी ढिल्या नटातून हवा आत शिरत असेल, तर नव्या कॉलमचीही तीच गत होणार. नमुना न टोचता घेतलेल्या रनमध्येही पीक येत असेल तर आधी सेप्टम आणि लायनर बघा. रेघ सावकाश हेलकावे खात असेल तर वायूचा दाब आणि एसीचा झोत बघा.

आणि काहीच कळत नसेल तर? ओव्हन थंड करा. कॅरिअर हायड्रोजन असेल तर तो बंद करा, ओव्हनमध्ये साठू देऊ नका. कॉलम डिटेक्टरवरून काढा, त्या तोंडाला बूच घट्ट बसवा, मगच ज्योत पेटवा. रेघ अजूनही नाचतेय? मग कॉलम बिचारा निर्दोष. जेट घाण असेल, हायड्रोजन किंवा हवा अशुद्ध असेल, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स. शांत झाली तर दोष मागच्या बाजूला: कॉलम, इंजेक्टर किंवा कॅरिअर गॅस. निम्मं यंत्र एका फटक्यात बाद! एवढं करायला वेळ नाही म्हणतात, आणि माउसने रेघा ओढण्यात अख्खी दुपार घालवतात.

तुम्ही म्हणाल, एका रेघेवरून एवढा त्रागा कशाला?

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. २०२२ मध्ये गाम्बियातली मुलं गेल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार औषधांबद्दल इशारा दिला, तेव्हा पुन्हा तेच नाव. हे विष शोधायची नेहमीची पद्धत हीच, गॅस क्रोमॅटोग्राफी. ग्लिसरीनमध्ये त्याची मर्यादा ०.१ टक्का. मुख्य पदार्थाच्या डोंगराशेजारी ते जेमतेम टेकाड असतं. हलत्या जमिनीवर ते ओळखायचं कसं? आणि माउसची रेघ जरा वर ओढली की ते टेकाड आणखी बुटकं होतं, मर्यादेतसुद्धा बसतं.

मॅन्युअल इंटिग्रेशन नियमात बसतं, हे मला कृपया कुणी सांगू नका. बसतं, पण कारण लिहून, मूळ नोंद जपून. "बेसलाइन खराब होती" हे कारण नव्हे, ती तक्रार झाली.

असो. ज्यांच्या लॅबमध्ये ते बूच नाही त्यांनी आधी ते मागवा. कॉलमची ऑर्डर आठवडाभर थांबू शकते.