मडके एकाचे, शिक्का दुसऱ्याचा

ज्या संताने मौनाची गोडी सांगितली, त्याच्याच नावावर आज एक गजर खपविला जात आहे, आणि खपविणारे अडाणी नसून चांगले शिकलेसवरलेले लोक आहेत. हा संत म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर गावचे गोरोबाकाका, आणि तो गजर म्हणजे 'अवघे गरजे पंढरपूर' हे गीत. समारंभांच्या कार्यक्रमपत्रिकांवर या गीतापुढे कधी 'पारंपरिक' असे छापलेले आढळते, तर कधी सरळ 'संत गोरा कुंभार' असे. ही दोन्ही विधाने खोटी आहेत.

या गीताची कुळकथा फार जुनी नाही. अशोकजी परांजपे यांनी ते 'गोरा कुंभार' या संगीत नाटकासाठी लिहिले. चाल बांधली पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी, आणि प्रकाश घांग्रेकर यांच्या आवाजात ते महाराष्ट्राच्या कानी गेले. ही गोष्ट गेल्या शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे गोरोबाकाका आणि हे गीत यांच्यामध्ये जवळजवळ सात शतकांचे अंतर आहे! रंगभूमीवरून उतरलेले हे पद भजनी मंडळात शिरले, तेथून शाळेच्या स्नेहसंमेलनात, वाद्यवृंदात, दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत आणि शेवटी घरोघरच्या भ्रमणध्वनीत गेले. प्रत्येक मुक्कामी कोणी लय वाढविली, कोणी कडवे गाळले, कोणी पखवाजाच्या जागी ढोल आणला, कोणी गिटार.

या नव्या आवृत्त्यांवर आमचा राग आहे असे मात्र कोणी समजू नये. एकाच अभंगास दहा चाली असणे हा आमच्या संगीताचा दोष नव्हे, ते त्याचे वैभव आहे. तुकोबांचा तोच अभंग वारकरी दिंडीत एका रीतीने म्हणतो आणि गवई मैफलीत दुसऱ्या रीतीने. दोघांपैकी कोणासही आम्ही दोष देणार नाही. गीत गाण्यासाठीच असते. ते पेटीत कुलूपबंद करून ठेवावे असे म्हणणारा मनुष्य रसिक नसून सावकार होय. आमचे भांडण आहे ते चाल बदलणाऱ्याशी नव्हे, नाव पुसणाऱ्याशी. या प्रवासात आधी घांग्रेकरांचे नाव गळाले, मग अभिषेकींचे, आणि अखेरीस ज्याने शब्द लिहिले त्या परांजप्यांचेही. राहिले ते बेवारस गीत. आणि बेवारस दिसले की त्यास संताच्या ओटीत टाकण्याची आमची जुनी खोड आहे. 'गुळाचा गणपती' (1953) या चित्रपटातील इंद्रायणीकाठच्या गीताची आणि 'प्रपंच' (1961) मधील वेड्या कुंभाराच्या गीताची हीच गत व्हावयाची, पण ग. दि. माडगूळकर हे नावच इतके मोठे की ते सहसा पुसले जात नाही. नाव जितके लहान तितके ते लवकर पुसले जाते, हा कोठला न्याय?

यावर एक ठरीव उत्तर मिळते: "संतांनी तरी मालकी कोठे सांगितली होती? भक्तीत तुझेमाझे कसले?" हे उत्तर देणाऱ्यांनी अभंगाचा शेवटचा चरण कधी लक्ष देऊन ऐकलेला नसावा. अभंगाच्या अखेरीस आपले नाव गुंफणे, ज्यास नाममुद्रा म्हणतात, ही संतांचीच रीत आहे. गोरोबाकाकांनीही ती पाळली. 'हे मी म्हणतो, याचा जाब मला विचारा,' असा तिचा आशय आहे. तीत अहंकार नसून जबाबदारी आहे. संतांचे निमित्त करून दुसऱ्याचे नाव पुसणे म्हणजे संतांचीच रीत मोडणे होय.

दुसरा आक्षेप याहून भोळा: "भाविकाला काय फरक पडतो?" फरक पडतो, आणि तो परांजप्यांपेक्षा गोरोबाकाकांस अधिक पडतो. त्यांचे स्वतःचे अभंग थोडेच उपलब्ध आहेत, आणि त्यांचा ओढा निर्गुणाकडे आहे. मुक्याने साखर चाखली तर तिची गोडी त्याने बोलून कशी दाखवावी, असा त्यांचा प्रश्न आहे. वाणी जेथे थांबते तेथला हा अनुभव. अशा कवीच्या नावावर आम्ही टाळमृदंगाचा गजर चढवितो आणि त्याचे खरे शब्द गाथेच्या पानांत धूळ खात ठेवतो! गीत उत्तम आहे, याविषयी वाद नाही. पण उत्तम गीतानेही दुसऱ्याच्या घरात राहून घरधन्यास बाहेर काढू नये. येथे चोरी एक नसून दोन आहेत: परांजप्यांचे गीत गेले आणि गोरोबाकाकांचा विचार गेला.

कायदाही या बाबतीत मुका नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम लेखकास आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि हक्क विकले तरी हा हक्क त्याचाच राहतो. 2012 च्या दुरुस्तीने घातलेले कलम 31-सी नवी ध्वनिमुद्रिते काढण्यास वाट देते. पण मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे, मानधन द्यावे आणि ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहावे, अशा अटींवर. अभिषेकी 1998 साली गेले, परांजपे 2009 साली. तेव्हा जाब विचारावयास दोघेही येणार नाहीत. म्हणूनच तो वाचकांनी विचारावयाचा आहे.

यात कठीण असे काय आहे? निवेदकाने तीन नावे उच्चारावी, भजनाच्या वहीत गीताखाली एक ओळ लिहावी, शिक्षकाने मुलांस गीत शिकविताना कवीही शिकवावा. ज्या शहराने 2020 साली 93 वे मराठी साहित्य संमेलन भरविले, त्याच्या जिल्ह्यास एवढे जड जाऊ नये. गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेवांसारख्यासही कच्चे ठरविले, अशी कथा आहे. तेच थापटणे आज आमच्या रसिकतेवर पडले, तर भाजलेल्या मडक्याचा खणखणीत नाद निघेल की ओल्या मातीचा थप्प आवाज, हे ज्याचे त्याने ठरवावे.